खानाच्या गळ्यातली चिठ्ठी

जगूभाऊंच्या पाठीने पेट घेतला तेव्हा त्यांच्या चिलखताचे अकराच्या अकरा हूक घट्ट लावलेले होते आणि सगळेच्या सगळे पाठीवर होते. घालणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही.

सकाळचे अकरा वाजले होते. लालबागच्या रस्त्यावरून आमची गाडी माणसाच्या चालीने चालली होती. गाडीवर प्लायवूड आणि फोमचा गड. पुढे बुरुजावर जगूभाऊ सरदाराच्या पोशाखात हात हलवत उभे. मागे महादरवाज्याच्या पडद्याआड, गडाच्या पोटात, प्लास्टिकच्या दोन स्टुलांवर मी आणि उस्मान. बुरुजाच्या दोन्ही बाजूंना ठिणग्या उडवणारी मशिनं होती. त्याला कोल्ड अनार म्हणतात म्हणे. अनार कधी थंड असतो का, असं मी सकाळीच विचारलं होतं. "मावशी, इम्पोर्टेड आहे," असं उत्तर मिळालं होतं.

इम्पोर्टेड ठिणगी पडद्यावर पडली. पडद्यावरून फोमवर, फोमवरून शेल्याच्या टोकावर आणि तिथून चिलखतावर. गडात काळा धूर भरला. "मावशी, काढा, काढा हे," जगूभाऊ ओरडत होते आणि हात वर करून गोल फिरत होते. खालच्या लोकांना वाटलं देखाव्याचाच भाग आहे. टाळ्या पडल्या. ढोलवाल्यांना जोर आला. सगळ्यांचे मोबाईल वर झाले.

धुराने माझे डोळे मिटले होते. मी गळ्यातली कात्री ओढून काढली आणि चाचपडत उस्मानच्या हातात दिली.

पुढचं नंतर सांगते. आधी चिलखताचे हूक पाठीवर का असतात ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल शिवणारी बाई वेडी होती. शिवणारी मीच.

परळला ऐतिहासिक पोशाख भाड्याने देण्याचं एक दुकान आहे. तिथे मी सेहेचाळीस वर्षं काम केलं. नाटकवाले या मालाला ड्रेपरी म्हणतात. आधी मशीनवर होते, मग कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या, आणि मालक म्हातारे झाल्यावर मीच दुकान झाले. गुडघे बसले तेव्हा मीही घरी बसले.

सुरुवातीला गिऱ्हाईक म्हणजे नाटकवाले. गिरण्यांची नाटकं, चाळींची नाटकं, गणपतीतली नाटकं. माणूस दिवसभर साच्यावर उभा राहायचा आणि संध्याकाळी सरदार व्हायचा. कपडे बदलायला मिनिटभर मिळायचं, म्हणून आमचे पोशाख पुढून खरे आणि मागून खोटे. पुढे बंद, गोंडे, जर. मागे हूक. विंगेत एक माणूस उभा राहतो, खटाखट हूक काढतो, दुसरा पोशाख चढवतो. चिलखत तर लोखंडाचं नसतंच. सुती दोरी जाळीसारखी विणायची आणि चंदेरी रंग मारायचा. दुरून लोखंड दिसतं. चिलखत दिलं की ते काढणारा माणूस बरोबर द्यायचा, हा आमच्या दुकानाचा नियम. दिला नाही तर नट लघवीलासुद्धा जाऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. आमच्याकडे दोन सैन्यं नव्हती, एकच होतं. अंगरखे तेच. पगडी बदलली, कमरबंद बदलला की मावळ्याचा मोगल. दुसऱ्या अंकात खानाकडून मेलेले चौघे तिसऱ्या अंकात आपल्याकडून लढायचे. कुणाची तक्रार आली नाही.

आणि प्रत्येक पोशाखाच्या गळ्यात आतून एक चिठ्ठी. पांढऱ्या फितीवर लाल दोऱ्याने भरलेली अक्षरं. मी म्युनिसिपालटीच्या शाळेत चौथी शिकले. आयुष्यात जे काही लिहिलं ते एवढंच. "सरदार, अंक पहिला." "भालदार." "राणी, दुःखाचा प्रवेश." चिठ्ठी कधी काढायची नाही. पोशाखात कितीही बदल करा, तो परत आला की चिठ्ठी वाचून आपल्या जागी लटकवायचा. माझी लिहिण्याची सवय अशी तीन शब्दांची आहे, त्यामुळे या लेखात काही राहिलं तर विचारा, सांगेन.

मग नाटकं कमी झाली आणि पुढारी वाढले.

पूर्वी पुढाऱ्याला टोपी पुरायची. आता जयंतीला मावळे लागतात, फॉर्म भरायला मावळे लागतात, गटाराचं झाकण बदललं तरी तुतारी आणि चार मावळे लागतात. तक्रार नाही. आमची कपाटं त्यांनीच हलती ठेवली. एकाने फोन करून विचारलं, "मावशी, तलवार कुठल्या हातात धरतात?" मी म्हटलं, "ज्या हाताने जेवतोस त्या हातात." एका ताईंना पाठीला लेकरू बांधून घोड्यावर बसायचं होतं. बाहुली आम्हीच दिली. घोडा दादरच्या सिग्नलला थांबला, बाहुली घसरून टॅक्सीच्या टपावर पडली आणि ताई तशाच पुढे गेल्या. टॅक्सीवाला बाहुली द्यायला दुकानात आला. बाहुलीच्या चिठ्ठीवर दुकानाचं नाव होतं, ते वाचून आला.

एकदा एकाच दिवशी दोन पक्षांनी फॉर्म भरायला वीस-वीस मावळे नेले. कपडे आमचे. माणसं नाक्यावरची, रोजाने आणलेली. फॉर्म भरून होईपर्यंत चाळीसही मावळे एकाच गाडीभोवती वडापाव खात बसले. परत फिरताना एका पक्षाकडे सव्वीस झाले आणि दुसऱ्याकडे चौदा. दोन्ही बाजूंच्या घोषणा चालू होत्या. कुणाच्या ध्यानात आलं नाही. मावळ्यांच्याही नाही.

एक मात्र मी पाळलं. महाराजांचा पोशाख नाटकाला दिला, शाळेच्या पोरांना दिला, उमेदवाराला दिला नाही. कितीही मोठा माणूस आला तरी "धुवायला टाकलाय" हे उत्तर. वर्षानुवर्षं तो धुण्यातच आहे.

म्हणूनच जगूभाऊ सरदारावर आले.

जगूभाऊ हे नाव खरं नाही. तो वाचेल तेव्हा ओळखेल, तेवढं पुरे. लालबागमध्ये आमच्याच चाळीत वाढला. चारचौघांत मी त्याला भाऊ म्हणते, तोंडावर जगू. निवडणूक जवळ आली होती. आपल्या विकीला घेऊन तो दुकानात आला. विकी म्हणजे त्याचे फोन, फोटो आणि भाषणं सांभाळणारा.

"मावशी, आमच्या पूर्वजांचा पोशाख पाहिजे," जगू म्हणाला.

"कुठले पूर्वज?"

"सरदार होते. महाराजांच्या सैन्यात. गड राखला त्यांनी."

"जगू, तुझे आजोबा आमच्या ह्यांच्याबरोबर साच्यावर होते. त्याआधी गावाला ढोरं राखायचे. मला त्यांनीच सांगितलंय."

"त्यांच्या आधीचे, मावशी."

"ते तुला कुणी सांगितलं?"

"संशोधन चालू आहे," विकी फोनवरून मान न उचलता म्हणाला.

"आणि गड कुठला?"

"ते पण चालू आहे."

चार दिवसांनी मिरवणूक होती. मी माप घ्यायला उठले. पोट बावन्न इंच. श्वास सोड म्हटलं तर चोपन्न.

इथे अडचण आली. आमच्याकडचे सरदार चौतीस ते चाळीस इंचांचे. गिरणीत राबणाऱ्याला पोट कुठून येणार? त्यांच्या अंगावर कापलेले कपडे ते. नवा जरीचा पोशाख करायचा तर पंधरा दिवस हवेत. अख्ख्या दुकानात पोट एकालाच, खानाला. खान आल्या आल्या लोकांना कळावा म्हणून आम्हीच त्याला मोठा करायचो, आत उशी बांधायचो.

जगूला उशी लागली नाही.

मी खानाचा अंगरखा कपाटातून काढून उस्मानसमोर टाकला. उस्मान आमचा जरीवाला. जर, चिलखतं, टोप, सगळं त्याच्या हातचं. त्याचं गाव राजापूरकडे, माझं देवगडकडे, त्यामुळे दुकानात आमची भांडणं आमच्याच भाषेत चालायची. अंगरखा बघून तो हसला.

"बाई, ह्यो तर खान."

"चार दिवस नाय."

"आणि चिठ्ठी?"

"गळ्यात कोण बघता? परत आल्यावर पुन्हा खानच करायचो हा."

त्याने हिरवी किनार उसवली, भगवी लावली, छातीवर जरीचा सूर्य टाकला आणि वर चढवायला मोठं चिलखत विणलं. चिलखताला चिकटपट्टी लावू का, असं तो म्हणाला होता. मी नको म्हटलं. चिकटपट्टी पोटाचा ताण धरत नाही, माणूस खाली बसला की फर्रकन उघडते. आठाऐवजी अकरा हूक मीच लावले. तिथे मी चुकले.

दुसरी चूक त्याच्या आदल्या दिवशी केली होती. जगू मापं देऊन पायऱ्या उतरला आणि विकी मागे राहिला.

"मावशी, एक सांगायचं होतं. आमच्या ड्रेसला त्या लोकांचा हात नको. कुणी व्हिडिओ काढला तर वेगळा मेसेज जातो."

मी त्याच्याकडे बघितलं. या शहरात ज्या ज्या स्टेजवर जर चमकते तिथे कुठल्या ना कुठल्या उस्मानचं बोट असतं. त्याच्या पुढाऱ्याच्या मागच्या जयंतीच्या फोटोतली पगडीसुद्धा उस्मानचीच होती. हे त्याला सांगायला हवं होतं. भांडायला हवं होतं. मी "बरं" म्हटलं, आणि मग जे करायचं तेच केलं. उस्मानने पोशाख केला आणि मी गप्प राहिले.

मिरवणुकीच्या दिवशी चिलखत काढायला माणूस हवा. माझ्या गुडघ्यांना एकटीने गाडीवर चढउतार जमेना, म्हणून उस्मानला घेतलं. तो कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून पहाटेच गाडीत चढवला आणि पडद्याआड बसवला. "बाहेर येऊ नको," मीच म्हटलं. तो म्हणाला, "बाई, सेहेचाळीस वर्षं विंगेतच हाय मी."

आता गाडीवर परत येऊ.

कात्री हातात आल्यावर उस्मान जळत्या पडद्यातून बाहेर गेला. डाव्या हाताने त्याने जगूची मान धरली, त्याला खाली वाकवलं आणि उजव्या हाताने मानेपासून कमरेपर्यंत चिलखत आणि अंगरखा एकदम कापत आणला. चार हूक कापले, सात तसेच उपटले. चंदेरी रंग जळताना चिकटतो, तो त्याच्या बोटांना चिकटला. मी मागून स्टूल घेऊन गडाची भिंत फोडली, बाहेर आले आणि जगूला चिलखतातून ओढून काढला. शेंगेतून दाणा निघावा तसा तो निघाला, गंजी आणि चोळण्यावर. त्याच्या अंगावर पाण्याचा जार ओतला. तेव्हा कुठे ढोल थांबले. ड्रायव्हरला शेवटी कळलं. गाडी थांबली आणि लोकांनी आम्हाला खाली घेतलं. गड पाच मिनिटांत खाक झाला. अजिंक्य म्हणून बोर्ड लावला होता त्यावर.

जगूच्या पाठीवर तळव्याएवढा भाजल्याचा डाग. माझ्या पुढच्या केसांची राख. उस्मानची उजव्या हाताची बोटं गेली नाहीत, पण सुई धरता येईना.

इथवर सरळ आहे. आग लागली, विझली, माणसं वाचली. पण माझ्या धंद्यातलं गिऱ्हाईक सरळ गोष्ट घेत नाही.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर एक फोटो फिरायला लागला. धुरातून बाहेर येणारा उस्मान, दाढी, हातात कात्री. खाली लिहिलेलं, गडाच्या आत कोण लपलं होतं ते बघा. कात्रीभोवती लाल गोल काढला होता. तिसऱ्या दिवशी परळच्या सभेत जगू पाठीला पट्टी बांधून बोलला. उस्मानचं नाव त्याने घेतलं नाही. तेवढा तो हुशार आहे. तो म्हणाला, "आमच्या पूर्वजांवरही वार मागूनच झाला होता. तेव्हाही गडाच्या आत कोण होतं, हे इतिहासाला विचारा."

इतिहासाला कशाला विचारायचं? मला विचारायचं. मीच बसवलं होतं त्याला तिथे.

चौकीत उस्मानला तीनदा बोलावलं. गडाच्या आत का होतास? लपून का बसलास? कात्री का होती? मी दोनदा त्याच्याबरोबर गेले आणि माझं म्हणणं सांगितलं. साहेब चांगले होते, त्यांनी लिहून घेतलं. पण म्हणाले, "आजी, उमेदवार स्वतः काही बोलत नाहीत तोवर हे चालूच राहणार." तोवर मालकांचा निरोप आला, उस्मानला थोडे दिवस येऊ नको म्हणा. उस्मानची बायको फोनवर मला म्हणाली, "बाई, हात गेला तर जाऊ दे. माणूस घराबाहेर पडायला भितोय." माझ्या लपवालपवीने तो त्या पडद्याआड बसला होता. ते मला जेवू देईना.

आमच्या दुकानाचा आणखी एक नियम आहे. भाड्याचा कपडा परत यायलाच पाहिजे. फाटका, जळका, कसाही. त्याप्रमाणे चिलखताचा कोळसा आणि अंगरख्याचा उरलेला तुकडा पिशवीत भरून परत आला. मी पिशवी उलटी केली. छाती जळली होती, पाठ जळली होती, भगवी किनार गेली होती. गळा शाबूत होता. गळ्यात पांढरी फीत, लाल दोरा. माझंच अक्षर. "खान, अंक दुसरा."

फितीसकट गळा कापून घेतला, स्टीलच्या डब्यात ठेवला आणि जगूच्या कार्यालयात गेले.

भिंतीवर त्याचा तलवार घेतलेला भलामोठा फोटो. खाली जगू खुर्चीच्या टोकावर बसलेला, पाठ टेकवता येत नव्हती. मला डबा घेऊन आलेली बघून त्याचा चेहरा उजळला. मी पूर्वी त्याला खरवस द्यायचे.

"विकीला बाहेर पाठव," मी म्हटलं.

विकी गेला. मी डबा उघडला. जगूने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"हे काय आहे, मावशी?"

"तुझ्या पूर्वजांचा पोशाख. तुझं पोट दुसऱ्या कशात मावेना."

"म्हणजे मी..."

"परळपासून लालबागपर्यंत खानाच्या कपड्यात हात हलवत आलास. बायांनी ओवाळलं तुला. फुलं पडली."

त्याने दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "हे कुणाला दाखवलंय?"

"अजून नाही. समोरच्या पक्षाचे लोक उद्या मावळे न्यायला येतायत. दाखवीन म्हणते. त्यांच्याकडेही एक विकी आहे."

"मावशी, तुम्ही असं करणार नाही. मला लहानाचा मोठा बघितलाय तुम्ही."

"जगू, मी चौथी शिकलेली बाई. काय करू नये ते मला कुठलं कळायला."

त्याने पाणी प्यायलं. "काय पाहिजे तुम्हाला?"

"चौकीत जा आणि आग कशाने लागली ते सांग. आणि पुढच्या सभेत उस्मानचं नाव घे. वाचवणारा म्हणून. गोल गोल नको, नावाने घे."

"ते कठीण आहे, मावशी. आमची लोकं काय म्हणतील?"

"खान म्हणतील."

पुढे वाकून त्याने फितीला हात घातला, मी डबा बंद केला.

"सभेनंतर," मी म्हटलं.

चौकीत तो दुसऱ्याच दिवशी गेला. सभेत काय बोलतो ते ऐकायला मी आणि उस्मान लांब, एका दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. उस्मानचा हात पट्टीत. जगूने सुरुवात चांगली केली. माझे प्राण वाचवणारे उस्मानभाई, असं म्हणाला. ठिणगीचं सांगितलं. लोक गप्प. टाळी नाही. जगूला टाळी नसली की गुदमरायला होतं. मी बघत होते. त्याने घाम पुसला, माईक जवळ घेतला आणि म्हणाला, "आणि का नाही वाचवणार? उस्मानभाईंचे पूर्वज महाराजांच्या आरमारात होते."

टाळ्यांचा कडकडाट.

उस्मानने माझ्याकडे बघितलं. "बाई, माझो आजो आंब्याच्या पेट्यांका खिळे मारी."

"त्याच्या आधीचे," मी म्हटलं. "संशोधन चालू असतला."

तो इतका हसला की दुखऱ्या हाताने मांडीवर थाप मारली आणि कळवळला. मग हळूच म्हणाला, "पण बाई, आजो नुसतो पेट्यो ठोकणारोच असलो तर? मग जगूक नसतां वाचवलां मी?"

जगूने फीत मागायला माणूस पाठवला. मी दिली. "खान, अंक दुसरा," पांढऱ्या फितीवर लाल दोरा, कडा मेणबत्तीवर जरा जाळलेल्या. बसून दुपारभरात केली. सेहेचाळीस वर्षं खोट्याचं खरं करून भाड्याने दिलं, एका फितीला किती वेळ लागणार? खरी फीत माझ्या सुयांच्या डब्यात आहे. मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी?

त्यानंतरच्या जयंतीला जगूच्या लोकांनी उस्मानला स्टेजवर बोलावलं, आरमाराचे वंशज म्हणून. पोशाख अर्थातच आमच्या दुकानातून. फिटिंगला मी गेले. त्याने स्वतःच्या हाताने केलेला, वीस वर्षांपूर्वीचा पोशाख त्याच्या अंगावर चढवला. गळ्यात चिठ्ठी होती, "नावाडी, अंक तिसरा." मालकांनी स्वतः चहा मागवला. आता उस्मान दुकानात येतो. दोन बोटं अजून पूर्ण वळत नाहीत, बारीक जर दुसऱ्याकडून करून घ्यावी लागते. चाळीतली माणसं त्याला रस्त्यात थांबवून आरमाराबद्दल विचारतात. पहिल्यांदा तो नाही नाही म्हणायचा. परवा मी ऐकलं, तो एकाला जहाजाला किती शिडं होती ते सांगत होता.

जगू निवडून आला की पडला ते सांगत नाही, सांगितलं तर ओळखाल. दोन्ही गोष्टी अजून फिरतायत. काही मोबाईलवर उस्मानने गड पेटवला आहे. काही भाषणांत उस्मानचे पूर्वज आरमारात आहेत. या दिवाळी अंकाच्या संपादक बाई मला म्हणाल्या, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा. मी म्हटलं, मला तीन शब्दांच्या वर येत नाही. पण पन्नास वर्षांनी कुणी तिसरी गोष्ट काढायच्या आधी कुठेतरी चिठ्ठी शिवून ठेवलेली बरी.

आग ठिणगीने लागली. हूक पाठीवर मी लावले होते. उस्मानला पडद्याआड मी बसवलं होतं. कात्री माझी होती, हात त्याचा होता. गाडीवर आम्ही तिघं होतो. जगू, उस्मान आणि मी. तिघंही जगलो.